मामांची पेटी: ही हत्यारं नेमकी कशाची, आणि मोल कसं ठरवायचं?

पेटीवाला

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय.

माझ्या मामांनी आयुष्यभर इंजिनं उघडली. मोटारी, मोटारसायकली, ट्रक, पाण्याच्या पंपाची इंजिनं, समोर येईल ते. त्यांना जाऊन वर्ष झालं. मामींनी त्यांची लाकडी पेटी आणि दोन पत्र्याचे डबे माझ्याकडे दिलेत, "तुला यातलं कळतं" असं म्हणून. मला कळतं ते एवढंच, की पाना म्हणजे काय आणि पकड म्हणजे काय. नेहमीचे पाने, हातोड्या, छिन्न्या वेगळ्या केल्या. जे उरलंय त्याचं काय करावं सुचत नाही. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन लिहितो:

१. हाताने फिरवायच्या ड्रिलसारखं काहीतरी. दांडी गरागरा फिरवली तरी पुढचं टोक पुरतं फिरत नाही, नुसतं पुढेमागे करतं. मोडलेलं असावं.

२. मोठी लोखंडी कमान, एका टोकाला खटक्याचं हँडल, दुसऱ्या टोकाला अर्धी कापलेली वाटी.

३. सहा पाने. एकावर "१/४" कोरलंय, पण त्याचा जबडा अर्ध्या इंचाहून मोठा. दुसऱ्यावर एक बाण आणि १९४३.

४. खोक्यात बसवलेल्या सात दातेरी चकत्या, मधे भोक, सोबत टी आकाराचं हँडल. खोक्याच्या खालच्या फळीत बारा भोकं, सगळी रिकामी.

५. बदकाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी, एका टोकाला नट.

६. बोटापेक्षा लहान पाना, त्याला पातळ पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली.

७. तीन पायांचं एक हत्यार, प्रत्येक पायाला दगडाची कांडी. तसंच दुसरं, पण त्याला दगडाऐवजी एक पातं.

८. जाड पुलर, वर "१८जी" आणि पुढे एक आकडा. तो वाचता येत नाही.

९. त्रिकोणी कानशी, तीन नग. दात घासून पार गुळगुळीत केलेले.

मामींना पैशाची निकड नाही, पण कुणी टोपी घालू नये एवढीच इच्छा. एक गृहस्थ सगळं वजनावर न्यायला तयार आहेत. परवा येतो म्हणालेत.

---

काळे_हात

परवाच्या गृहस्थांना आजच नाही म्हणून कळवा. मग पुढचं बोलू.

---

काळे_हात

हं, आता सावकाश. चाळीस वर्षं हेच केलंय, त्यामुळे तुमचं वर्णन वाचताना हाताला वास आला.

क्रमांक १ मोडलेलं नाही. ते तसंच चालायला हवं. ते व्हॉल्व्ह घासायचं हातयंत्र आहे. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (तो जिथे टेकतो ती कड) एकमेकांवर ग्राइंडिंग पेस्ट लावून घासतात, तेव्हा एकाच दिशेनं गोल फिरवत राहिलं तर रेघांची वर्तुळं पडतात आणि गळती राहते. म्हणून अर्धा वेढा पुढे, अर्धा मागे, आणि मधूनच उचलून जागा बदलायची. हाताच्या तळव्यात काठी घोळवून आपण जे करतो तेच काम आतल्या गिअरनं होतं. टोक नीट बघा. दोन बारीक खुंट्या आहेत की चपटं पातं? जुन्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर दोन भोकं किंवा एक खाच असायची, त्यात ते अडकवायचं. पुढे व्हॉल्व्हची डोकी सपाट आली, भोकं गेली, आणि रबरी चोषक लावलेली काठी आली. म्हणजे तुमच्या टोकाला खुंट्या असतील तर ते जुन्या इंजिनांचं.

२ म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायची कमान. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, एका बाजूनं व्हॉल्व्हला टेका, दुसऱ्या बाजूनं वाटी स्प्रिंगवर. खटका दाबला की स्प्रिंग खाली जाते आणि अर्ध्या कापलेल्या बाजूतून बोट घालून स्प्रिंग धरून ठेवणारे लॉक काढता येतात.

७ मधलं दगडाचं हत्यार म्हणजे होन. लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या) आत फिरवून तिरप्या रेघा पाडायच्या, म्हणजे तेल धरून राहतं आणि नव्या रिंगा बसतात. पात्याचं जे आहे त्याची गोष्ट वेगळी. पिस्टनची सगळ्यात वरची रिंग सिलिंडरच्या अगदी तोंडापर्यंत पोचत नाही, त्यामुळे खालचा भाग झिजतो आणि वर एक ओठ उरतो. तो ओठ कापायला हे पात्याचं हत्यार, रिज रीमर. तो न कापता पिस्टन वरून उपटला तर रिंगा अडकतात. आणि नव्या रिंगा घालून तसंच चालवलं तर वरची रिंग त्या ओठावर आपटून तुटते, कधी पिस्टनची कडही घेऊन जाते. ज्यानं हे हत्यार घेतलं तो माणूस घाई करणारा नव्हता.

९ कानशी नाहीत. बेअरिंगचे स्क्रेपर आहेत. तुमच्या मामांनी जुन्या कानशी सहाणेवर लावून स्वतः केलेत. पूर्वी बेअरिंग म्हणजे शेलमध्ये ओतलेला पांढरा मऊ धातू. क्रँकला निळा रंग पुसायचा, बेअरिंग बसवून फिरवायची, जिथे निळं लागलं तो उंचवटा खरवडायचा, पुन्हा बसवायची. एका बेअरिंगला अख्खा दिवस जायचा. त्यांची धार बोटाच्या नखावर बघा, नखाला चिकटली तर अजून जिवंत आहे.

४ बद्दल मला शंका आहे. ती बारा रिकामी भोकं. त्यात काहीतरी होतं.

---

नोझलराव

५ माझ्या खात्यातलं! ती स्पिल पाइप. डिझेलच्या पंपाचं टायमिंग बघायला.

पंपाच्या पहिल्या एलिमेंटचा (एका सिलिंडरला डिझेल ढकलणाऱ्या भागाचा) डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढायची, होल्डर परत बसवायचा, त्यावर ही नळी. हातपंपानं डिझेल सोडलं की नळीच्या तोंडातून वाहतं. आता क्रँक हळूहळू फिरवायची. प्लंजर वर जाऊन भोक बंद करतो त्या क्षणी धार तुटून थेंब होतात, मग थेंबही थांबतो. तिथे फ्लायव्हीलची खूण बघायची. ना वीज लागते ना घड्याळ, डोळा आणि एक थेंब. मान वाकडी असते ती थेंब नीट दिसावा म्हणून.

बाजारात हिला किंमत अशी नाही, कारण ओळखतच नाही कुणी. पण ज्याला हवी आहे तो रात्री बारा वाजता फोन करेल.

पेटीत लाकडी मुठीच्या बारीक सुया, पितळी ब्रश असं काही आहे का? नोझलच्या भोकांतला काजळीचा खडा काढायचा संच असतो. आणि हाताचा लीव्हर आणि वर गेज असलेलं जड यंत्र सापडलं तर तो नोझल टेस्टर. सापडला तर आधीच सांगतो, गंमत म्हणून दाबून फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आत डिझेल गेलेलं असतं. थेट रुग्णालय गाठावं लागतं.

---

पेटीवाला

सुया आहेत! पितळी ब्रशही. मला वाटलं मामींच्या शिवणकामाच्या असतील. टेस्टर नाही.

काळे_हात, टोकाला दोन खुंट्याच आहेत.

---

आटेमोज

पान्यांवर कुणीच बोललं नाही, म्हणजे ते माझ्यासाठी ठेवलंय असं समजतो.

१/४ लिहिलेला पाना चुकीचा नाही. तो आकडा जबड्याचा नाहीच, बोल्टच्या दांडीचा आहे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवून द्यायची कल्पना मांडली, तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. पाव इंच बोल्टवर जो नट बसतो तो ज्यानं फिरतो तो "१/४" चा पाना. व्हर्निअर लावून बघा, जबडा ०.५२५ इंच भरेल, म्हणजे सुमारे १३.३ मिमी. आता यातली मेख बघा: १३ चा मेट्रिक पाना त्या नटावर चढत नाही, १४ चा चढतो आणि कोपरे गोल करून टाकतो. व्हिटवर्थच्या नटांचे कोपरे खाल्लेले दिसले की समजावं, कुणीतरी घाईत १४ लावला होता.

गोंधळ इथेच संपत नाही. त्याच पान्यावर कधी "१/४ डब्ल्यू ५/१६ बीएस" असे दोन आकडे दिसतात. बारीक आट्यांच्या बीएसएफ बोल्टांचे नट मुळातच एक माप लहान होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंड वाचवायला व्हिटवर्थचे नटही एक माप लहान केले. त्यामुळे तोच जबडा जुन्या मोजणीत १/४ आणि नव्या मोजणीत ५/१६. ज्या पान्यावर एकच आकडा आहे त्याच्या जबड्याचं माप घेतल्याशिवाय बोलू नये.

हे झालं इंग्रजी. अमेरिकन पान्यांवरचा आकडा सरळ जबड्याचाच, इंचात. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून १९४८ मध्ये युनिफाइड आटे मान्य केले, त्यानंतर इंग्रजी गाड्यांवरही हळूहळू तेच आले. म्हणून पन्नाशीच्या दशकातल्या एखाद्या गाडीवर दोन्ही जातीचे नट सापडतात आणि माणूस वेडा होतो.

आटे ओळखायचे तर कोन: व्हिटवर्थ ५५ अंश, मेट्रिक आणि युनिफाइड ६० अंश, आणि विजेच्या बारीक भागांवर येणारे बीए ४७.५ अंश. थ्रेड गेजची पानं आट्यांत धरून दिव्यासमोर बघायचं, फटीतून उजेड आला की पान चुकलं. बीएची गंमत म्हणजे तिथे शून्य नंबर सगळ्यात मोठा: ० बीए म्हणजे ६ मिमी दांडी, १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर), आणि पुढचा प्रत्येक नंबर आधीच्या पिचच्या ०.९ पट. इंग्रजांनी तयार केलेलं माप, आणि पाया मेट्रिक!

१९४३ आणि बाण असलेला पाना सरकारी. तो बाण ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची खूण आहे, युद्धकाळातल्या लष्करी हत्यारांवर तो आणि साल असतं. तो बाजूला ठेवा, घासू नका.

---

शंकासूर

मग गंजलेलं तसंच ठेवायचं का? मी तर सगळं वायर ब्रशनं चकचकीत करून ठेवतो.

---

जुनंतेसोनं

शंकासूर, तुम्ही चकचकीत करून किती पैसे घालवलेत ते मोजत बसू नका, झोप येणार नाही.

जमवणारा माणूस बघतो ते मूळ अंग. काळी पॉलिश, निकेल, कॅडमियम, जे काय कारखान्यातून आलं असेल ते. घासलं की नावाचे काठ बोथट होतात, बारीक खुणा पुसतात, आणि ओळख तिथेच असते. शिवाय जुन्या पान्यांवरचा मळकट पिवळसर-राखी थर कॅडमियमचा असू शकतो. त्याची धूळ विषारी. तो घासायचा नाही, सहाणेवर न्यायचा नाही, तापवायचा नाही. तेलाच्या फडक्यानं पुसा, बास.

गंज खोल असेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर लावून काढता येतो, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं निघतात. वारा असलेल्या जागी करा, हायड्रोजन सुटतो. आणि स्प्रिंगा, कडक धारेची पाती त्यात घालू नका, ठिसूळ होतात.

आता १८जी. पेटीवाला, तो पुलर घासला नाहीत ना? १८जी हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या खास हत्यारांचा क्रमांक. मॉरिस मायनर, मिनी या गाड्यांची, ए-सिरीज इंजिनांची पुस्तकं उघडलीत तर प्रत्येक अवघड कामापुढे "हत्यार क्रमांक १८जी अमुक" असं लिहिलेलं असतं. पुढचा आकडा वाचायचा तर खडू घासा आणि बॅटरीचा उजेड अगदी तिरपा टाका. नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. आकडा कळला की पुलर नेमका कशाचा ते पुस्तकातच सापडतं.

हे सगळ्याच खास हत्यारांना लागू आहे. हत्यार ओळखायचं तर आकारापेक्षा नंबर बघा. होंडाची हत्यारं ०७ नं सुरू होतात, यामाहाची ९०८९० नं, कावासाकीची ५७००१ नं, सुझुकीची ०९९ नं. टोयोटाचीही ०९ नं सुरू होतात, तिथे गफलत होते. मर्सिडीजच्या नंबराच्या मधे ५८९ दिसतं. व्होल्व्होची ९९९ नं. बीएमडब्ल्यूचे पहिले दोन आकडे गाडीच्या भागाचे, ११ म्हणजे इंजिन. जनरल मोटर्सची हत्यारं केंट-मूरनं केलेली, त्यांच्या नंबरापुढे इंग्रजी "J" अक्षर. ट्रायम्फ आणि बीएसएच्या मोटारसायकलींची ६१ नं सुरू होणारी, ट्रायम्फची आणखी जुनी झेड किंवा डी अक्षराची. नुसतं लोखंड बघून ज्याला दहा मिनिटांत ओळख पटत नाही, त्याला नंबर बघून पटते.

---

बाईकवेडी

मी फक्त ६ साठी आले. तो मॅग्नेटोचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, पाना! पॉइंट उघडायला पाना आणि फट मोजायला पट्टी, दोन्ही एकाच हत्याराला, कारण रस्त्याच्या कडेला पाऊस पडत असताना दोन वस्तू हातात धरता येत नाहीत. पट्टीची जाडी मायक्रोमीटरनं बघा. ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिमी भरली तर लुकासच्या मॅग्नेटोची नेहमीची फट.

माझ्याकडे असाच एक होता, खिशातून पडला. तेव्हापासून मी साध्या फिलर गेजनं काम करते आणि दर वेळी चिडते. पेटीवाला, विकलात तर मला आधी सांगा. पण विकू नका खरं तर.

अवांतर: पेटीत फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर असेल आणि तो साध्या फिलिप्ससारखा वाटला तरी फेकू नका. जपानी गाड्यांच्या कार्बोरेटरचे स्क्रू जेआयएस (जपानी प्रमाणाच्या) जातीचे. फिलिप्सचं टोक त्यात पुरतं बसत नाही, वर चढून डोकं खराब करतं. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक ठिपका असतो.

---

पेटीवाला

खडूनं जमलं! १८जी २. बाकी सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एका दिवसात मामांची निम्मी पेटी कळली.

मोलाचं काय?

---

जुनंतेसोनं

१८जी २ म्हणजे क्रँकच्या टोकावरचा गिअर आणि पुली ओढायचं हत्यार. अशा पुस्तकातल्या हत्यारांना मागणी असते, कारण त्या गाड्या जपणारे लोक आजही आहेत.

मोल ठरवताना मी आधी एकच विचारतो: हे ज्या इंजिनासाठी आहे ते इंजिन आज कुणी चालवतंय का? दुर्मिळ असणं म्हणजे महाग असणं नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या इंजिनासाठी केलेलं, जगात दोनच उरलेलं हत्यार असेल, पण ती इंजिनंच उरली नसतील तर गिऱ्हाईकही दोनच. उलट ज्या मोटारसायकलीचे हजारो वेडे आहेत, तिचा क्लच हब ओढायचा पुलर साधा दिसला तरी हातोहात जातो, कारण त्याला पर्याय नाही. हातोडीनं तो हब निघत नाही, फुटतो.

दुसरं म्हणजे संच पुरा आहे का. तिसरं, खोकं. तुम्ही हसाल, पण मूळ लाकडी किंवा पत्र्याचं खोकं आणि आतला कागद असेल तर त्याच वस्तूचे भाव वेगळे. चौथं, कुणाचं: ब्रिटूल, किंग डिक, विल्यम्स, गेडोरे, हाझेट, स्टालविले, स्नॅप-ऑन. नाव चांगलं असेल तर तपशील बघा. स्नॅप-ऑननं वेगवेगळ्या वर्षांना वेगवेगळ्या खुणा वापरल्या, त्यावरून साल काढता येतं.

आणि भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका. कुणीही काहीही मागेल. विकून गेलेल्या वस्तूंची यादी बघा, तीही एक-दोन नव्हे, वीस-पंचवीस, आणि मधली धरा. तुमची कमान, होन यांना फार मिळणार नाही, असले नग प्रत्येक कारखान्यानं काढले. व्हॉल्व्हच्या हातयंत्राला बऱ्यापैकी. व्हिटवर्थ पान्यांचा संच चांगला, बाणवाला वेगळा ठेवा.

एक सापळा सांगून ठेवतो. जुन्या अमेरिकन सॉकेटांत ९/३२ आणि ७/१६ इंचाचे चौकोन असायचे. आजच्या कुठल्याच रॅचेटला ते लागत नाहीत. असे सॉकेट दिसले तर त्यांचं हँडल शोधा, नाहीतर ती नुसती लोखंडी बोंडं.

---

काळे_हात

जुनंतेसोनं, तुमचं सगळं मान्य, पण एक गोष्ट मला पटत नाही. तुम्ही रीमर, कटर काचेच्या कपाटात ठेवायच्या गोष्टी करताय. धार असलेल्या हत्याराची किंमत त्याच्या धारेत असते. आरशासारखं खोकं आणि आत तुटक्या दातांचे कटर, काय करू मी त्याचं?

---

जुनंतेसोनं

काच मी कुठे म्हणालो? संच पुरा हवा एवढंच म्हणालो.

---

काळे_हात

ठीक. मग संचावरच येऊ. पेटीवाला, ते चार नंबर. सात चकत्या म्हणजे व्हॉल्व्ह सीटचे कटर, आता खात्री पटली. चकतीच्या काठावर अंश कोरलेले असतील: ४५, ३०, १५, ७५ असं काही. ४५ किंवा ३० नं सीट कापायची, मग १५ नं वरून आणि ७५ नं आतून छाटून ती बारीक करायची, साधारण दीड मिलिमीटरवर आणायची. दात मोजा, एखादा टवका उडालाय का बघा. हे बहुधा साध्या कार्बन स्टीलचे आहेत. नव्या हेडमध्ये कडक धातूची रिंग ठोकलेली सीट असते, तिच्यावर हे चालत नाहीत, तिथे दात बोथट होतात. ओतीव लोखंडाच्या जुन्या हेडला मात्र लोण्यासारखे.

पण त्या बारा भोकांत पायलट असायला हवेत. चकती हवेत धरून कापत नाहीत! व्हॉल्व्हच्या गाईडमध्ये (त्याची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) एक गुळगुळीत पिन घट्ट बसवायची, तिच्यावर कटर ओवायचा, म्हणजे सीट आणि गाईड एकाच मध्यावर येतात. गाईड झिजलेले असतात म्हणून पायलट एकेक थाउनं वाढत जातात. १ थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पायलट नसतील तर ते सात कटर म्हणजे पेपरवेट.

बोटाएवढ्या लांब, चकचकीत, थोड्या निमुळत्या पिना. वरच्या टोकाला आडवं भोक. कुठे दिसल्या का?

---

पेटीवाला

अरे देवा.

दुसऱ्या डब्यात होत्या. तेलकट कागदात. मला वाटलं जाड खिळे. नट-बोल्टांच्या पोत्यात टाकल्या. ते पोतं तेवढं त्या गृहस्थांनी कालच नेलं, "ते तरी देऊन टाका" म्हणाले म्हणून.

---

बाईकवेडी

फोन. आत्ता.

---

नोझलराव

आणि फोनवर पिना म्हणून सांगू नका, नुसतं "पोतं परत हवंय, चुकून दिलं" एवढंच म्हणा. 😄

---

पेटीवाला

दोन दिवस धाग्यावर आलो नाही, माफ करा. पोतं मिळालं. त्यांनी अजून उपसलं नव्हतं. चांगले निघाले, उलट मला म्हणाले, आधी सांगायचं ना. टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळं ओतलं आणि पिना निवडल्या. प्रत्येकीवर बारीक आकडे आहेत: .३१२, .३१३, .३१४ असे. मग .३४३ पासून. मग .३७५ पासून.

अकरा आहेत. खोक्यात बसवल्या. तिसऱ्या ओळीतलं दुसरं भोक रिकामं. पोतं तीनदा पाहिलं.

---

आटेमोज

.३१२ म्हणजे ५/१६, .३४३ म्हणजे ११/३२, .३७५ म्हणजे ३/८. तीन मापं आणि प्रत्येकाचे चार थर. रिकामं भोक .३७६ चं.

---

जुनंतेसोनं

अकराला बारा म्हणता येत नाही, पण पायलट सुटेही मिळतात. भोकाची कड बघा बरं. जे जास्त वापरलं त्याचं भोक जास्त घासलेलं असतं.

---

पेटीवाला

बरोबर! ते भोक बाकीच्यांपेक्षा सैल आणि काळं आहे.

---

काळे_हात

मग तो हरवलेला नाही.

निमुळता पायलट गाईडमध्ये अडकून बसतो, तसा बसायलाच हवा. मामा शेवटचं कोणतं हेड करत होते? ते कुठेतरी पडलं असेल. गाईडमध्ये बघा.

---

शंकासूर

हा धागा मी कामाच्या वेळात उघडला, चूक झाली.

---

पेटीवाला

मामींना विचारलं. म्हणाल्या, मागच्या पडवीत गोणपाटाखाली एक काहीतरी आहे, उचलवत नाही म्हणून तसंच ठेवलंय. आत्ता जाऊन आलो.

पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचं हेड आहे, एक सिलिंडरचं. दोन व्हॉल्व्हची जागा. एक सीट नवी कापलेली, अजून चमकतेय. दुसरी काजळीनं काळी, आणि तिच्या गाईडमधून पिन वर आलेली. .३७६.

कशी काढू? हातोडी घेऊन बसलोय.

---

काळे_हात

हातोडी खाली ठेवा.

आडव्या भोकात एक खिळा घाला. हाताने पिन गोल फिरवत वर ओढा, आधी थोडं पातळ तेल सोडून. निमुळती आहे, सैल झाली की आपसूक येते. नाहीच हलली तर हेड उलटं करून खालच्या बाजूनं लाकडी खुंटी ठेवून अगदी हलकी टिचकी.

पण थांबा. ती मामांनी बसवून ठेवलीच आहे, तर काढायच्या आधी सीट कापूनच घ्या. कुठल्या अंशाचा कटर ते व्हॉल्व्हच्या कडेवरून ठरवा. व्हॉल्व्ह तिथेच गोणपाटात असेल.

---

पेटीवाला

व्हॉल्व्ह आहे. कड ४५ ची, कोनमापकानं पाहिलं. पण मी? मी कधी कटर हातात धरला नाही.

---

काळे_हात

पायलट जागेवर आहे, म्हणजे निम्मं काम मामा करून गेलेत. ४५ चा कटर ओवा, टी हँडल लावा, घड्याळाच्या दिशेनं फिरवा. उलटं चुकूनही फिरवू नका, दात मरतात. दोन वेढे, उचला, कीस पुसा, बघा. काळं जाऊन सगळीकडून सारखी चकचकीत कड आली की थांबायचं, एक वेढाही जास्त नको.

---

पेटीवाला

दाब किती द्यायचा?

---

काळे_हात

दोन बोटांनी धरता येईल एवढाच.